गरोदरपणातली साखर: खर्च कशावर करावा, कशावर टाळावा

गरोदरपणात साखर वाढली असं कळलं की घरात बाळाची आणि पैशांची काळजी एकदमच सुरू होते. यातली सगळ्यात गरजेची तपासणी सगळ्यात स्वस्त आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात विरघळवून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशीपोटी असावं लागत नाही. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत आहे, खासगी लॅबमध्ये साधारण दीडशे ते तीनशे रुपये पडतात. पहिल्या भेटीतच ती करावी, आणि नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. नेमके हेच दिवस डोहाळजेवणाचे आणि पहिलटकरणीने माहेरी जाण्याचे. इकडच्या डॉक्टरांना वाटतं तिकडे होईल, तिकडच्यांना वाटतं झालीच असेल. म्हणून बॅग भरण्याआधी फाइलमध्ये दुसऱ्या तपासणीचा आकडा आहे ना, ते पाहा.

मोठा खर्च पट्ट्यांचा. ग्लुकोमीटर हजाराच्या आसपास मिळतो, पण एकेक पट्टी पंधरा-वीस रुपयांची. दिवसातून चारदा तपासायचं म्हटलं तर महिन्याला १२० पट्ट्या, म्हणजे १,८०० ते २,४०० रुपये. मीटर घेताना त्याच्या पट्ट्यांचा भाव आणि मुदत आधी विचारा. आकडे स्थिर झाले की तपासण्या कमी करता येतील का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. मनाने कमी करू नका. उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत, हे साधारण लक्ष्य असतं.

आहारतज्ज्ञाला पाचशे-हजार रुपये देणं मला वाजवी वाटतं, कारण बहुतेकींची साखर आहार आणि चालण्यानेच आटोक्यात येते. भाकरी, उसळ, पालेभाजी, दही हे घरचंच जेवण थोडं थोडं विभागून खायचं. ‘शुगर फ्री’ बिस्किटं आणि गरोदर बायकांसाठीच्या महागड्या पावडरी यांवरचे पैसे वाचवा. ‘आता दोघांचं खा’ असं म्हणून डिंकाच्या लाडवांचा डबा पुढे करणाऱ्या सासूबाईंना एकदा आहारतज्ज्ञाकडे सोबत न्या, त्यांची माया योग्य ताटात येईल. आधीचं वजन बेताचं असेल तर नऊ महिन्यांत साडेअकरा ते सोळा किलो वाढ ठीक धरतात, आधीच जास्त असेल तर सात ते साडेअकरा. वजन घटवायला उपास मात्र करू नये.

दोन आठवडे पथ्य पाळूनही साखर उतरली नाही तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन लागतं. साध्या इन्सुलिनची बाटली दीडशे-दोनशे रुपयांची असते, पेनचं बरंच महाग. साधं चालेल का, असं विचारायला संकोच नको. इन्सुलिन बाळापर्यंत पोचत नाही. आईची वाढलेली साखर मात्र पोचते. त्यामुळे बाळ फार मोठं होतं, प्रसूतीत खांदा अडकू शकतो, सिझेरियनची शक्यता वाढते. जन्मानंतर काही तासांत बाळाची साखर एकदम उतरू शकते. खासगी रुग्णालयात नवजात अतिदक्षता विभागाचा एकेक दिवस हजारोंचा असतो, तेव्हा नाव नोंदवताना हा विभाग तिथे आहे का आणि दर काय, हे विचारा. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. गाडीसाठी १०२ लावायचा. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून मोफत तपासणीही होते.

बाळंतपणानंतर साखर बहुधा पूर्ववत होते आणि घरातलं सगळं लक्ष बाळाकडे वळतं. पण या आईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरींपेक्षा कितीतरी जास्त असतो. सहा आठवड्यांनी बाळाला लस द्यायला न्याल, त्याच दिवशी तिचीही ग्लुकोज पिऊन तपासणी करून घ्या. सकाळी उपाशीपोटी निघावं लागेल. त्यानंतर वर्षातून एकदा, आणि पुढच्या बाळाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधी.