मिठाच्या बरणीतील मूलद्रव्ये

सोडियम हा चांदीसारखा चकाकणारा आणि सुरीने सहज कापता येईल इतका मऊ धातू आहे. पाण्याचा स्पर्श होताच तो तडतडतो आणि पेटही घेऊ शकतो, म्हणून प्रयोगशाळेत तो केरोसीनमध्ये बुडवून ठेवावा लागतो. क्लोरिन हा पिवळसर हिरवा, घसा आणि फुप्फुसे होरपळून टाकणारा वायू असून एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने तो शस्त्र म्हणून वापरला होता. हे दोन्ही पदार्थ मूलद्रव्ये आहेत, म्हणजे प्रत्येकात एकाच प्रकारचे अणू असतात. सोडियमचा अणू आपल्याकडील एक इलेक्ट्रॉन क्लोरिनच्या अणूला देतो आणि त्यातून जे संयुग तयार होते ते म्हणजे घरोघरी रोज भाजी-आमटीत पडणारे मीठ. इलेक्ट्रॉन दिल्या-घेतल्यामुळे विद्युतभार आलेल्या अशा अणूला आयन म्हणतात आणि आयनाचे गुणधर्म मूळ धातूच्या किंवा वायूच्या गुणधर्मांहून सर्वस्वी वेगळे असतात. त्यामुळे एखाद्या मूलद्रव्याचे नुसते नाव ऐकून ते आरोग्याला चांगले की वाईट हे ठरविता येत नाही. ते कोणत्या रूपात, किती प्रमाणात आणि कोणाच्या शरीरात जाते, हे पाहावे लागते. मिठाच्या एका बरणीपुरताच हा विचार नीट केला, तरी रुग्णांच्या घरी होणाऱ्या कितीतरी चुका टळतील.

शरीरातील पेशींच्या बाहेरील द्रवात सोडियमचे आणि पेशींच्या आतील द्रवात पोटॅशियमचे प्राबल्य असते. हा फरक आपोआप टिकत नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणातील एक प्रथिन सोडियमचे ३ आयन बाहेर टाकून पोटॅशियमचे २ आयन आत घेण्याचे काम अखंड करीत असते आणि त्यासाठी शरीराची बरीच ऊर्जा खर्ची पडते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये हे प्रथिन ओळखले आणि १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मज्जातंतूंतून जाणारा संदेश, स्नायूंचे आकुंचन आणि हृदयाचा ठोका या सर्व गोष्टी या दोन आयनांच्या आत-बाहेर होण्यावर चालतात, म्हणून मीठ हा पदार्थ विष नाही आणि ते अजिबात वर्ज्य करणे हा आरोग्याचा मार्गही नाही.

प्रश्न प्रमाणाचा आहे. मिठाच्या वजनाचा सुमारे ३९ टक्के भाग सोडियमचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असे प्रमाण सांगितले आहे आणि ते चहाच्या सपाट भरलेल्या एका चमच्याएवढे होते. घरात कोणी मीठ मोजून खात नाही, परंतु मिठाची पिशवी किती दिवसांत संपते हे मात्र सहज पाहता येते. चार प्रौढ माणसांच्या घरात १ किलोची पिशवी या हिशोबाने किमान ५० दिवस पुरायला हवी. ती ३० दिवसांत संपत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज ८ ग्रॅमहून अधिक मीठ येत आहे, आणि त्यात विकतचे फरसाण, वेफर्स, तयार सूप, पाव आणि हॉटेलातील जेवण यांचे मीठ अजून धरलेलेच नाही. ते इतके वर्षानुवर्षे शरीरात जात राहिले की रक्तदाब वाढतो आणि त्यामागोमाग पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे विकार यांचा धोका वाढत जातो.

सोडियम केवळ खारट चवीतूनच येते असेही नाही. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याच्या एका सपाट चमच्यात सुमारे सव्वा ग्रॅम सोडियम असते, आणि पोटात गॅस झाला म्हणून पाण्यात टाकून घेतले जाणारे फसफसणारे चूर्ण मुख्यतः याच पदार्थाचे असते. पापडखारातही सोडियम असते. उच्च रक्तदाबाचा किंवा हृदय कमकुवत झालेला रुग्ण जेवणात मीठ जपून घेतो आणि रोज रात्री असे चूर्ण पितो, तेव्हा दिवसभराचा संयम त्या एका पेल्यात वाहून जातो. सैंधव मिठाविषयीचा समजही येथेच दूर केला पाहिजे: सैंधव, काळे मीठ, खडे मीठ, गुलाबी मीठ या सर्वांचा बहुतांश भाग सोडियम क्लोराइडच असतो, त्यांच्यातील इतर खनिजे इतकी अल्प असतात की आहारात त्यांची गणना होऊ नये, आणि रक्तदाबाच्या रुग्णाने साध्या मिठाऐवजी तितकेच सैंधव खाल्ले तर सोडियममध्ये म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

याच्या उलट टोकाची चूक वयोवृद्धांच्या बाबतीत घडते आणि ती अधिक तातडीची असते. रक्तातील सोडियमची पातळी साधारणपणे प्रतिलिटर १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असावी लागते. रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढविणाऱ्या गोळ्या, विशेषतः थायाझाइड गटातील गोळ्या, चालू असलेल्या वृद्ध व्यक्तीचे मीठ घरच्यांनी एकदम बंद केले, त्यात तिची भूक मंदावली आणि वर भरपूर पाणी पिण्याचा आग्रह झाला, तर ही पातळी घसरते. आजी गप्प राहू लागतात, असंबद्ध बोलू लागतात, चालताना तोल जातो, आणि हे सर्व वयोमानाने होत आहे असे समजून दिवस वाया जातात. अशी लक्षणे काही दिवसांतच नव्याने दिसू लागली असतील, तर रक्तातील सोडियम आणि पोटॅशियम यांची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.

दुकानांत मिळणारे ‘लो सोडियम’ मीठ म्हणजे काही सोडियम क्लोराइडच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले मीठ. चीनमधील ६०० खेड्यांतील सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या खेड्यांत तीन भाग सोडियम क्लोराइड आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असे मीठ दिले गेले, तेथे पक्षाघाताचे प्रमाण नेहमीचे मीठ खाणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी आढळले. हा लाभ मोठा आहे, परंतु तो सर्वांसाठी नाही. जादा पोटॅशियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती निकामी होत असतील, किंवा रुग्ण एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी पोटॅशियम शरीरात राखून ठेवणारी औषधे घेत असेल, तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते आणि ते आधी कोणतीही सूचना न देता घडू शकते. रक्तदाबाचे पुष्कळ रुग्ण नेमकी हीच औषधे घेत असतात. त्यामुळे असे मीठ सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम यांची तपासणी करून डॉक्टरांना विचारावे; मूत्रपिंडाच्या रुग्णाने रोज शहाळ्याचे पाणी पिण्याबाबतही हीच काळजी घ्यावी, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते.

मिठाच्या पिशवीतील सर्वांत अल्प आणि तरीही सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे मूलद्रव्य आयोडीन होय. फ्रान्समधील बर्नार कुर्त्वा यांना १८११ मध्ये समुद्रशैवालाच्या राखेवर काम करताना त्याची जांभळी वाफ प्रथम दिसली. गळ्याच्या पुढील बाजूस असलेली अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड, जे संप्रेरक तयार करते त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात, त्यातील एक कमी झाला की अधिक कार्यक्षम असे ३ अणूंचे संप्रेरक बनते, आणि आयोडीनवाचून यांपैकी काहीच तयार होऊ शकत नाही. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दशलक्षांश भागाच्या १५० पट, एवढेच आयोडीन पुरते. गर्भवती आणि स्तनदा मातांना २५० मायक्रोग्रॅम लागते. ते कमी पडले तर ग्रंथी अधिक काम करण्याच्या प्रयत्नात फुगते आणि गलगंड होतो. परंतु गलगंड हा या कमतरतेचा केवळ डोळ्यांना दिसणारा भाग आहे. गर्भातील बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईड संप्रेरकावर अवलंबून असल्यामुळे गरोदरपणातील तीव्र कमतरतेने मुलाच्या बुद्धीचे जे नुकसान होते, ते पुढे कोणत्याही औषधाने भरून निघत नाही.

भारताला हे ज्ञान स्वतःच्या भूमीवरील प्रयोगातून मिळाले आहे, याचा येथे मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्याचे तीन विभाग करून दोन विभागांना आयोडीनयुक्त आणि एका विभागाला साधे मीठ पुरविले. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांतील गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे उतरले आणि त्यानंतर तिसऱ्या विभागालाही तेच मीठ देण्यात आले. याच आधारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हा रोग केवळ हिमालयाच्या पायथ्याचा आहे ही समजूत पुढील पाहण्यांनी खोटी ठरविली. महाराष्ट्रासह देशाच्या इतर भागांतही तो आढळला, आणि आता थेट खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या मिठात आयोडीन असणे कायद्याने बंधनकारक आहे.

समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच, असे कोकणपट्टीत अनेकांना वाटते. शिरोडा, उरण, पेण येथील मिठागरांत उन्हावर वाळविलेले मीठ समुद्राचेच असते, परंतु समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि जेमतेम ६० मायक्रोग्रॅम आयोडीन असते. ते सगळेच्या सगळे मिठात उतरले असे धरले, तरी ५ ग्रॅम मिठातून १० मायक्रोग्रॅमही हाती लागत नाही, आणि प्रत्यक्षात तेवढेही उतरत नाही. म्हणून मिठात पोटॅशियम आयोडेट वेगळे मिसळावे लागते. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात आयोडीनचे प्रमाण दर १० लाख भागांत किमान १५ भाग असावे लागते, आणि ते टिकविणे मात्र स्वयंपाकघराच्या हाती असते: ओल, ऊन आणि उष्णता यांनी आयोडीन कमी होते, त्यामुळे चुलीशेजारच्या उघड्या वाडग्यात मीठ ठेवण्याऐवजी घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावे आणि शक्य असेल तेव्हा पदार्थ शिजत आल्यावर घालावे. मिठात आयोडीन आहे की नाही अशी शंका आल्यास आशा कार्यकर्तीकडील तपासणी संचाचा उपयोग होतो. त्यातील द्रावणाचे थेंब मिठावर टाकले असता आयोडीन असल्यास मीठ निळे-जांभळे होते आणि रंग जितका गडद तितके प्रमाण अधिक.

सैंधवाकडे वळलेल्या घरांतील तरुण मुलींची आणि गर्भवती स्त्रियांची खरी काळजी वाटते ती यामुळेच, कारण सैंधवात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. रक्तदाबासाठी मीठ कमी करणे आणि गरजेपुरते आयोडीन मिळविणे यांत विरोध नाही. मीठ कमी खावे, पण जे खावे ते आयोडीनयुक्त असावे, आणि दूध, अंडी, मासे यांतूनही काही आयोडीन मिळते हे लक्षात ठेवावे. थायरॉईडची गोळी चालू असलेल्या रुग्णांनी आयोडीनयुक्त मीठ सोडण्याचे कारण नाही. मात्र समुद्रशैवालाच्या किंवा आयोडीनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण अति आयोडीननेही ग्रंथी बिघडते. किरणोत्सारी आयोडीनचे उपचार घ्यावयाचे असतील तर काही दिवस आयोडीन कमी करण्यास सांगितले जाते, तेवढा अपवाद आहे. कोबी-फ्लॉवर वर्ज्य करण्याचा सल्ला जितका प्रचलित आहे तितका आवश्यक नाही. नेहमीच्या प्रमाणात, शिजवून खाल्लेल्या या भाज्यांनी त्रास होत नाही.

जुलाबात ओआरएसच्या पाकिटात हीच मूलद्रव्ये मोजून एकत्र येतात. १ लिटर पाण्यासाठीच्या पाकिटात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज सोडियमला बरोबर घेऊन आत शिरते आणि त्यांच्यामागे पाणी शोषले जाते, म्हणून हे प्रमाण बिघडविता कामा नये. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावरील द्रावणाने असंख्य प्राण वाचविले. अर्धे पाकीट पेल्याभर पाण्यात कालवून बाळाला पाजणे धोक्याचे आहे; त्याने सोडियम अति होते. पाकीट पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावे, २४ तासांत वापरावे, आणि ६ महिन्यांवरील मुलाला सोबत जस्ताची, म्हणजे झिंकची, २० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस द्यावी.

क्लोरिन मिठातून निरुपद्रवी रूपात येते, तर पाणी शुद्ध करताना ते त्याच्या तिखट रूपात वापरले जाते. ग्रामपंचायतीच्या टाकीत टाकली जाणारी टीसीएल पावडर म्हणजे विरंजक चूर्ण; त्यातून सुटणारे क्लोरिन जंतूंना मारते आणि घराच्या नळापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरावे लागते. पावसाळ्यात पाण्याला येणारा तो सौम्य वास पाणी सुरक्षित असल्याचा असतो, त्याची भीती बाळगू नये. भीती बाळगावी ती न्हाणीघरातील मिश्रणाची: फरशी पांढरी करणारे ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र ओतले, की १९१५ च्या युद्धात वापरलेला तोच वायू बंद खोलीत तयार होतो. दिवाळीच्या साफसफाईत हे दोन्ही पदार्थ एका वेळी, एका जागी कधीही वापरू नयेत आणि घरकामाला येणाऱ्या मावशींनाही हे समजावून सांगावे. चुकून वायू तयार झालाच तर त्या मिश्रणावर काही टाकण्याच्या खटपटीत न पडता लगेच मोकळ्या हवेत यावे, डोळे चुरचुरत असल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत, आणि खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही असल्यास तत्काळ रुग्णालयात जावे; दम्याच्या रुग्णाने तर बरे वाटू लागले तरीही जावे, कारण फुप्फुसांना आलेली सूज काही तासांनंतरही वाढू शकते.