टेबलावरची यमुना

(इयत्ता सातवी)

वर्गमित्रांनो, आणि मेळाव्याला आलेल्या पालकहो, व्हरांड्यात दोन टेबले जोडून ठेवली आहेत ती आपण पाहिली असतीलच. कृपा करून हात लावू नये, वॉर्निश अजून ओले आहे. तो पानिपतच्या स्वारीचा मुलूख आहे आणि मधून जी मातकट पट्टी गेली आहे ती यमुना. ती कशी केली हे लिहायचे काम माझ्याकडे आले, कारण पहिली यमुना मीच बिघडवली होती.

दिवाळीत आपण अंगणात किल्ला करतो. मावळे मांडतो, हळीव पेरतो, आणि चार दिवस बघत बसतो. पण मांडलेले सैन्य हलवून लढाई खेळायची असाही एक प्रकार आहे. गुरुजींनी सांगितले की, जर्मनीतल्या प्रशिया राज्यात राइसवित्स नावाच्या गृहस्थाने १८१२ साली राजासाठी असे एक टेबलच बनवले होते. त्यावर शेते, रस्ते, नद्या रंगवलेल्या चौकोनी फरशा होत्या. फरशा हलवल्या की नवा मुलूख तयार. पुढे त्याच्या मुलाने १८२४ मध्ये खेळाचे नियम छापले आणि लष्करातले अधिकारी तो खेळ शिकू लागले. आम्ही ही फरशांची युक्ती तिथूनच घेतली. अर्थात ते आम्हाला फार उशिरा सुचले.

पहिल्या खेपेला मी खरे पाणी घेतले. मातीत चर काढला, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरला आणि वरून तांब्याभर पाणी ओतले. संध्याकाळपर्यंत दिल्लीचा चिखल झाला. पण समजा गळले नसते तरी ते बरे दिसत नव्हते. माणूस लहान करता येतो, झाड लहान करता येते, पाणी काही लहान होत नाही. टेबलावरचे पाणी हे डबक्यातले पाणीच दिसते.

दुसऱ्या खेपेला मुलींनी निळी रिबीन लावली. ती टेबलाच्या वर! नदी जमिनीपेक्षा उंच कशी असेल? शिवाय ती टेबलाच्या मधेच सुरू झाली होती आणि मधेच संपली होती. नदीला एका काठाने टेबलावर यायला पाहिजे आणि दुसऱ्या काठाने जायला पाहिजे, नाहीतर शत्रू तिच्या टोकाला वळसा घालून येतो. आमच्या एका मित्राने तसेच केले आणि भांडण झाले.

मग आम्ही नकाशा घेऊन बसलो. सरळ रेषेत मोजले तर दिल्लीपासून उत्तरेला बागपत सुमारे ३५ किलोमीटर, पानिपत सुमारे ८५ आणि कुंजपुरा सुमारे १२०. आमची दोन टेबले मिळून लांबी १५० सेंटिमीटर. म्हणून एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर धरले, ते बरोबर बसले. मात्र एक गंमत झाली. आमचे शाडूचे शिपाई चार सेंटिमीटरचे, म्हणजे हिशोबाने चार किलोमीटर उंच! आणि नदी अर्धा किलोमीटर रुंद धरली तरी टेबलावर अर्धाच सेंटिमीटर येणार. शिपायाच्या पायाखाली ती दिसणारसुद्धा नाही. तेव्हा नदी सहा सेंटिमीटर रुंद केली. हे प्रमाणात नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण नदी अडवते हे डोळ्यांना दिसले पाहिजे, म्हणून गुरुजींनी चालवून घेतले.

आता कृती सांगतो. नदी खाली जावी म्हणून जमीन वर उचलावी लागते. खोक्यांचा पुठ्ठा एकावर एक चिकटवून आम्ही दोन सेंटिमीटर उंची केली. (थर्माकोल घेऊ नका. त्यावर स्प्रेचा रंग मारला की ते विरघळते, आणि गुरुजी ते शाळेत आणूच देत नाहीत.) मधल्या पट्ट्यात २५ सेंटिमीटरच्या सहा चौकोनी फरशा केल्या. प्रत्येक फरशीत नदी एका बाजूच्या बरोबर मध्यातून आत येते, नागमोडी वळते आणि समोरच्या बाजूच्या मध्यातून बाहेर जाते. दोन्ही तोंडे सहा सेंटिमीटरच हवीत, कमी नाही जास्त नाही. मग कोणतीही फरशी कुठेही बसते.

काठासाठी रद्दीचा लगदा केला. आजी टोपल्या करताना मेथ्या भिजवून घालते तसाच, शिवाय थोडे फेविकॉल. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोराने आदळते, तिथे दरड उभी ठेवली आणि डोह म्हणून रंग गडद दिला. आतल्या बाजूला गाळ साचतो, तिथे उतरती वाळू पसरली. वाळू चाळून घेतलेली, नाहीतर एकेक खडा डोंगराएवढा दिसतो. रंग निळा नाही. पावसाळ्यात आपली नदी कधी निळी असते का? गेरू, पिवडी आणि थोडा काळा. त्यावर फेविकॉलचे चार पातळ हात, एक वाळल्यावर दुसरा. एकदाच जाड थर दिला तर तो आत पांढरा राहतो. शेवटी वॉर्निश. फेविकॉलच्या आधी वॉर्निश लावू नये, पुठ्ठा ते पिऊन टाकतो आणि डाग पडतात. आमची एक फरशी अशीच वाया गेली.

नदी झाली, पण खेळ काही होईना. नियम असा केला होता की यमुनेला पूर आहे, कोणी ओलांडायची नाही. मग अब्दाली पूर्वेच्या काठावर, भाऊसाहेब पश्चिमेच्या काठावर, आणि दोघे एकमेकांकडे बघत बसले. तीनदा खेळलो, तिन्ही वेळा तेच.

त्या दिवशी वर्गातल्या एकाचे आजोबा डबा द्यायला आले होते. ते बराच वेळ टेबलाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "पोरांनो, नदी झ्याक केलीत, पण हिचा उतार कुठाय?"

आम्ही म्हटले, पूर आहे.

"पूर असला म्हणून काय झालं? दोन वळणांच्या मधे नदी पसरते, तिथं पाणी कमी असतं. पण वरून बघून कळत नाही. काठी घेऊन कुणीतरी आत उतरावं लागतं. आणि गेल्या साली होता तिथं औंदा उतार असेलच असं नाही."

हे ऐकून गुरुजींनी पुस्तक काढले आणि पुढचे वाचून दाखवले. १७ ऑक्टोबर १७६० ला भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला. तिथे त्यांना धान्य मिळाले. यमुना भरलेली आहे, अब्दाली इतक्यात अलीकडे येत नाही, असा अंदाज होता. अब्दालीच्या माणसांनी बागपतजवळ उतार शोधला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस फौज पाण्यात घातली. काही माणसे बुडाली, पण फौज अलीकडे आली. आमच्या टेबलावर बोट ठेवून पाहा : बागपत हे कुंजपुरा आणि दिल्ली यांच्या मधे आहे. म्हणजे मराठे उत्तरेला आणि अब्दाली त्यांच्या परतीच्या वाटेवर. त्यानंतर दोन महिन्यांहून अधिक काळ दोन्ही सैन्ये पानिपतजवळ समोरासमोर राहिली. मराठ्यांकडचे धान्य संपत गेले, आणि १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. उपाशी पोटी झाली. पुस्तकातले हे वाक्य आम्ही आधीही वाचले होते, पण बागपत कुठे आहे ते कोणी पाहिले नव्हते.

आम्ही फरशा पुन्हा रंगवल्या नाहीत. सहा चिठ्ठ्या केल्या. पाचांवर 'डोह', एकीवर 'उतार'. त्या मिसळून प्रत्येक फरशीखाली एक सरकवायची. ज्याला उतार शोधायचा त्याने एक स्वार त्या फरशीवर पाठवायचा आणि आपली एक खेळी सोडायची. मग चिठ्ठी फक्त त्यालाच दाखवायची. डोह निघाला तर स्वार गेला. काठावर चौकी ठेवता येते, पण प्रत्येक चौकीला दहातली एक तुकडी जाते. सहाही ठिकाणी चौक्या ठेवल्या तर किल्ला घ्यायला चारच उरतात. इथेच सगळी कुचंबणा आहे.

या नियमाने पहिला डाव खेळलो तेव्हा भाऊसाहेबांकडून माझा मित्र होता. त्याने दिल्लीजवळ दोन चौक्या ठेवल्या आणि बाकी सगळे घेऊन उत्तरेला गेला. मी अब्दालीकडून. माझे दोन स्वार बुडाले, तिसऱ्याला चौथ्या फरशीवर उतार सापडला. मित्र दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मलाही जिंकून बरे वाटले नाही, खरे सांगतो.

आज दुपारच्या सुट्टीनंतर पुन्हा डाव आहे. या खेपेला मी भाऊसाहेबांकडून खेळणार आहे. चिठ्ठ्या गुरुजींनी सकाळीच लावून ठेवल्या आहेत आणि ते आजोबाही येणार आहेत. पालकांपैकी कोणाला खेळायचे असेल त्यांनी नाव द्यावे. फरशा उचलून पाहू नयेत.