सेप्सिसच्या रुग्णात हृदयाची तपासणी पुन्हा पुन्हा का?

अतिदक्षता विभागाचे देयक हाती आले की नातेवाइकांचे बोट हमखास एका नोंदीवर थांबते. ‘इको’, दोनदा, क्वचित तीनदा. रुग्णाला ताप होता, हृदयविकार नव्हता. मग हा खर्च कशासाठी? प्रश्न रास्त आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतलेले उत्तर आपणांपुढे ठेवीत आहे.

वटार परिसरात पावसाळ्यात भातखाचरांतून अनवाणी वावरणारे पुष्कळ. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने थैमान घातले होते. अशा संसर्गाला, किंवा न्यूमोनियासारख्या अन्य संसर्गाला, शरीराचा प्रतिसाद बेताल होऊन अवयव निकामी होऊ लागतात, त्यास सेप्सिस म्हणतात. रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो आणि खुद्द हृदयाचा स्नायूही दुबळा होऊ शकतो.

येथे एक चकवा आहे. डाव्या कप्प्यातील रक्तापैकी किती टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर पडते, हा आकडा निरोगी माणसात साधारण ५५ ते ७० असतो. परंतु वाहिन्या सैल असताना दुबळ्या हृदयालाही रक्त ढकलणे सोपे जाते व आकडा चांगला दिसतो. नॉरअ‍ॅड्रेनलिनने वाहिन्या आवळल्या की खरी स्थिती उघड होते. पहिला इको म्हणजे वर्षअखेरचा ताळेबंद नव्हे. फार तर त्या दिवशीची रोकड शिल्लक.

सलाईनचा निर्णयही यावरच ठरतो. जास्त झाल्यास फुप्फुसांत पाणी साचते. म्हणून रुग्णाचे पाय काही क्षण उंचावून, हृदयाकडे परतणारे रक्त वाढल्यावर ते अधिक रक्त पुढे पाठविते का, हे खाटेशेजारीच इकोवर पाहता येते. यास औषध लागत नाही, क्ष-किरणही नाहीत.

१९८४ साली अमेरिकेत पार्कर व सहकाऱ्यांनी सेप्टिक शॉकच्या २० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाचलेल्या १३ पैकी १० जणांत हा आकडा प्रारंभी ४० पेक्षा कमी होता. दगावलेल्या सातांपैकी एकाचाही नव्हता! (मी दोनदा विचारून खात्री केली.) पुढील अभ्यासांत हा विरोधाभास प्रत्येक वेळी आढळला नाही. मात्र वाचलेल्यांचे हृदय सुमारे दहा दिवसांत पूर्ववत झाले, ही गोष्ट आप्तांनी ध्यानी ठेवावी. पहिल्या दिवशीचा कमी आकडा ऐकून घरचा माणूस जन्माचा हृदयरोगी झाला, असे समजू नये. ते बरे झाल्यानंतरचा इकोच सांगेल.