छातीतल्या पाण्याची एडीए तपासणी : विकर क्षयरोगाचा माग कसा लावतो?



लाळेतलं टायलिन हे विकर पिष्टमय पदार्थाची साखर करतं, हे आपली मुलं घडाघडा सांगतात. पण विकर रोगाचं निदानही करून देतं, हे वर्गात क्वचितच सांगितलं जातं. आज तेच समजून घेऊ.

छातीत पाणी होणं म्हणजे काय?
फुफ्फुसाभोवती दोन पातळ पडद्यांचं आवरण असतं. त्यांच्यामध्ये अगदी थोडा द्रव असतो. आवरणाला सूज आली की तो वाढतो. मग ताप, कोरडा खोकला, श्वास घेताना बरगडीत कळ आणि दम लागणं ही लक्षणं दिसतात. आपल्याकडे तरुण वयात असं झालं, तर डॉक्टरांना आधी क्षयरोगाची शंका येते. सुईने थोडं पाणी काढून ते तपासायला पाठवतात.

मग जंतूच का शोधत नाहीत?
शोधतात, पण या पाण्यात ते फार थोडे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली शंभरातल्या दहा रुग्णांतही ते सापडत नाहीत. कल्चरला २ ते ८ आठवडे लागतात. सीबीनॅट तपासणी झटपट होते, पण या पाण्यात तीही पुष्कळदा निगेटिव्ह येते. तोवर रुग्णाने थांबायचं किती?

विकराची साक्ष
चोर दिसला नाही, तरी त्याच्यामागे धावलेल्या पोलिसांची गर्दी दिसते ना, तसंच हे. क्षयाच्या जंतूंशी लढायला लिम्फोसाइट आणि इतर पांढऱ्या पेशी तिथे जमतात. त्यांच्यात अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज, म्हणजे एडीए, हे विकर भरपूर असतं. ते अ‍ॅडेनोसिनचं इनोसिन करतं आणि अमोनिया सुटतो. प्रयोगशाळेतल्या एका प्रचलित पद्धतीत या अमोनियापासून निळा रंग तयार करतात. रंग जितका गडद, तितकं विकर जास्त. आयोडीनच्या प्रयोगात विकराने काम केलं की निळा रंग जातो, इथे तो येतो! १९७८ साली इटलीतल्या संशोधकांनी छातीतल्या पाण्यासाठी ही तपासणी उपयोगी असल्याचं दाखवलं. ती स्वस्त आहे आणि लवकर होते.

आकडा कसा वाचायचा?
साधारणपणे लिटरला ४० युनिटपेक्षा जास्त एडीए आणि पाण्यात लिम्फोसाइट अधिक, अशी जोडी असेल तर क्षयाची शक्यता बळावते. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नये. छातीत पू झाला, लिम्फोमा नावाचा कर्करोग असला किंवा आमवातामुळे पाणी झालं, तरी एडीए वाढतं. उलट आजाराच्या सुरुवातीला ते कमीही येऊ शकतं. शिवाय कोणतं औषध लागू पडेल, हे एडीए सांगत नाही. म्हणून कल्चरही पाठवायला हवं.

आपण काय करायचं?
पालकांनी डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचाराव्यात : पाण्यात कोणत्या पेशी जास्त आहेत? कल्चर पाठवलंय का? थुंकी तपासली का? थुंकीत जंतू असतील तर संसर्गाची काळजी जास्त घ्यावी लागते. उपचार साधारण सहा महिन्यांचे असतात. ताप गेला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत.

आणि शिक्षकांनो, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ते मूल वर्गात आलं, की त्याला वेगळ्या बाकावर बसवू नका. त्याची बुडालेली प्रकरणं भरून काढायला मात्र नक्की मदत करा.