कॅप शाबूत, पण दाढेचं काय?

प्रश्न : रूट कॅनालनंतर दाढेवर पांढरी सिरॅमिकची कॅप बसवली. १० वर्षांच्या गॅरंटीचं कार्डही मिळालं. शेजारी म्हणतात, सिरॅमिक म्हणजे कपबशीच, भाकरी चावताना कधीतरी तडकणारच. वडिलांची धातूची कॅप मात्र २० वर्षं टिकली होती. माझी किती टिकेल? १० वर्षं झाली की बदलावीच लागेल का?
— एक वाचक, मानवत

उत्तर : शेजाऱ्यांचं म्हणणं शंभर वर्षांपूर्वी बरोबर ठरलं असतं. चिनीमातीची कॅप प्रथम केली ती अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड या दंतवैद्याने, १८८० च्या दशकात. ती दिसायची छान, पण दाढेवर टिकायची नाही. चिनीमाती दाब सोसते, ताण सोसत नाही. आपण चावतो तेव्हा कॅप वरून दाबली जाते, पण तिची आतली बाजू ताणली जाते. चीर पडते ती बहुधा तिथून. आणि जोर लावून चावलं तर दाढांमधला दाब सहज अर्ध्या क्विंटलवर जातो. मानवतकरांना कापसाच्या हिशेबाने याचा अंदाज यावा!

धातू ताणाखाली तडकत नाही, किंचित वाकतो. शिवाय धातूची कॅप पातळ चालते, त्यामुळे दाढ कमी घासावी लागते. वडिलांची कॅप टिकण्यामागे ही दोन कारणं असणार.

आजचं सिरॅमिक मात्र कपबशीचं नाही. लिथियम डायसिलिकेट हे काचेच्याच जातीचं, पण आत स्फटिकांची दाट वीण असलेलं. झिरकोनिया तर साध्या पोर्सेलिनच्या जवळजवळ दहापट मजबूत. त्यात चीर पुढे सरकू लागली, की तिच्या टोकाजवळचे कण किंचित फुगतात आणि चिरेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात.

मग झिरकोनियाच सर्वांत जास्त टिकत असेल? इथे एक गंमत आहे. जगभरच्या रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ५ वर्षांनंतर लिथियम डायसिलिकेट आणि त्याच वर्गातल्या कॅपपैकी सुमारे ९७ टक्के तोंडात टिकून होत्या, धातूवर सिरॅमिक चढवलेल्या सुमारे ९५ टक्के आणि झिरकोनियाच्या सुमारे ९२ टक्के. सर्वांत मजबूत माल मागे का पडला? तेव्हा झिरकोनियाचा फक्त सांगाडा असे आणि दात खरा दिसावा म्हणून वर पोर्सेलिनचा थर देत. टवके उडायचे ते त्या थराचे. शिवाय काही कॅप सिमेंट सुटून निघून यायच्या. आता अखंड झिरकोनियाची कॅप मिळते. तिच्यावर वेगळा थरच नसल्याने टवक्यांची तक्रार बरीच कमी झाली आहे.

म्हणजे कॅप अमुकच वर्षं टिकेल, असं नुसत्या मालावरून सांगता येत नाही. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव आठवा. धाव शाबूत असते, पण आतलं लाकूड कुजलं की ती सैल होते. कॅपचंही तसंच. सिरॅमिक किडत नाही, पण कॅपची कड हिरडीजवळ जिथे संपते, तिथून पुढे तुमची स्वतःचीच दाढ असते. तिथे अन्न साचलं की कीड कडेखालून आत शिरते. कॅप बसवली म्हणजे दाढ किडीपासून सुटली, हा समज म्हणूनच महागात पडतो. रूट कॅनाल करताना दाढेची नस काढलेली असते. त्यामुळे आतून कीड लागली तरी दाढ ठणकत नाही. कॅप हलेपर्यंत पत्ता लागत नाही. दुखत नाही म्हणून सगळं ठीक आहे, असं इथे धरून चालत नाही.

तेव्हा भाकरी, हुरडा खुशाल खा. सुपारी फोडणं आणि ऊस दाताने सोलणं मात्र सोडा. झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर रात्री लावायचं प्लास्टिकचं कवच डॉक्टरांकडून करून घ्या. कॅपच्या कडेला, हिरडीलगत, मऊ ब्रश रोज फिरवा. दोन दातांच्या फटीतून दोरा काढा. वर्षातून एकदा दाढ दाखवून घ्या, डॉक्टरांना गरज वाटली तर एक्स-रेही काढा.

राहिलं कार्ड. त्यावरची १० वर्षं म्हणजे कॅपची मुदत नव्हे. ती कॅप तयार करणाऱ्याने आपल्या मालाबद्दल दिलेली हमी असते. कॅप तडकली तर बहुधा दुसरी मिळते. खालची दाढ किडली, तर त्या कार्डाचा उपयोग नाही. उलट अकराव्या वर्षी कड घट्ट असेल आणि हिरडी निरोगी असेल, तर कार्डाची तारीख उलटली म्हणून कॅप काढायचं काही कारण नाही.