कोरड्या धंद्यातलं पाणी

मसाल्याच्या दुकानात पाणी लागतं ते किती? गल्ल्याशेजारचा माठ, सकाळी दारात मारायचा सडा आणि मागच्या मोरीतला नळ. रायपूरच्या गोल बाजारातले आम्ही बरेच दुकानदार असाच हिशेब धरतो. वीज, हमाली, भाडं सगळं वहीत चढतं. पाण्याला खातंच नाही. त्यामुळे ते वाया गेलं तरी महिनाअखेरीला काही चुकल्यासारखं वाटत नाही.

आमच्याकडे ते उघडकीला आलं हळदीच्या पोत्यांमुळे. पोटमाळ्यावर मागच्या भिंतीला लागून थप्पी होती. ती उतरवली तर तळच्या पोत्यांना कुबट वास, आणि हळकुंडांवर पांढुरकी बुरशी. भिंत हाताला गार लागली. गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक अडकायचा, टाकी भरून वाहायची, आणि ओव्हरफ्लोचा पाइप कुणीतरी पूर्वीच भिंतीआड वळवून ठेवलेला. माल फेकावा लागला. पाणीपट्टी ठरावीक रकमेची, तिच्यात काही फरक पडला नव्हता.

तेव्हा ओव्हरफ्लोचा पाइप लपवू नका. तो असा काढा की पाणी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर पडेल. शेजारी ओरडला की पंप आपोआप बंद होतो. टाकी भरताच पंप थांबवणारा फ्लोट स्विच बसवलात तर उत्तमच, पण त्यालाही भरवशाचा म्हणू नका. मधूनमधून वर चढून बघा.

गळती शोधायला फार अक्कल लागत नाही. दुकान वाढवताना टाकीतल्या पाण्याची पातळी खडूने आखून ठेवा आणि सकाळी नळ सोडण्याआधी पाहा. रात्रीत पाणी आलं नाही, कुणी वापरलं नाही, तरी पातळी उतरली असेल तर कुठेतरी झिरपतंय. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी घालवतो. पण नळ निदान टपटपतो तरी. संडासातली फ्लशची टाकी मुकाट गळते. तिच्यात जिलबीचा खायचा रंग चिमूटभर टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की समजा, आतलं रबर गेलंय. ते बदलायला फारसा खर्च येत नाही. आमच्या दुकानात तो रंग मिळतो; पण या कामासाठी घ्यायला अजून कुणी आलेलं नाही!

रायपूरचा उन्हाळा म्हणजे कूलर. भर मे महिन्यात मोठा कूलर दिवसाला शंभरेक लिटर सहज पितो, आणि त्याला इलाज नाही, माणसाला बसायचं असतं. पण पाइप थेट जोडलेल्या कूलरचा फ्लोट बिघडला की खालच्या भोकातून दिवसभर धार लागते, आणि आपण ती कूलरची रीतच समजतो. वाळ्याच्या ताट्या बदलताना फ्लोटही बघून घ्या.

तात्यापाऱ्यातल्या घरी आईला हे काही सांगावं लागत नाही. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी ती बादलीत धरते आणि त्यानेच फरशी पुसते. साधं यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीनेक लिटर बाहेर टाकतं, तेव्हा बादली भरायला वेळ लागत नाही. तांदळाचं धुवण कुंड्यांना.

आणि हे पाणी येतं तरी कुठून? उन्हाळ्यात खारून नदीला पाणी कमी पडलं की धमतरीपलीकडच्या गंगरेल धरणातून महानदीचं पाणी कालव्याने आणून भाठागावला पोचवतात, तिथून ते शुद्ध होऊन शहरात येतं. इतक्या लांबून आलेलं पाणी आम्ही हळदीवर ओतत होतो.

पावसाचं गणित आम्ही नंतर मांडलं. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. इथे वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवर लाखभर लिटर. काही उडून गेलं, काही सांडलं, तरी बरंच हाती लागतं. मात्र पहिल्या पावसाची घाण वाहू द्या, आणि गाळणीशिवाय ते बोअरमध्ये सोडू नका. बाजारातल्या गच्चीवर काय काय पडलेलं असतं ते मी सांगायला नको.

टाकी, नळ, कूलरची ही दुरुस्ती अक्तीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत उरका. पसऱ्यावर पुतरा-पुतरीच्या बाहुल्या मांडलेल्या दिसल्या की प्लंबरला फोन लावा. मेअखेरचा नवतपा लागल्यावर अख्ख्या बाजाराचे कूलर एकदम बिघडतात, आणि मग तो “भैया, आत हौं” (येतोच) म्हणतो आणि थेट पावसाळ्यात उगवतो.