तहाचा ठराव आणि रोहिणीचे पाणी



तुमच्या घरातील मुलगा किंवा मुलगी जेवतानाही फोनकडे पाहत असेल आणि विचारल्यावर "आज आमच्या देशात मतदान आहे, शत्रूशी तह करायचा की नाही ते ठरायचंय" असे सांगत असेल, तर लगेच फोन काढून घेऊ नका. आधी त्या तहात काय लिहिले आहे, ते विचारा. या महिन्याचा अभ्यास त्या प्रश्नापासूनच सुरू करू या.

खेळातला तह म्हणजे काय?

इंटरनेटवर राष्ट्रे चालवण्याचे काही खेळ आहेत. 'सायबर नेशन्स' २००६ मध्ये सुरू झाला, 'ई-रिपब्लिक' २००८ मध्ये. ई-रिपब्लिकमध्ये खेळाडू एका देशाचे नागरिक होतात, आपला राष्ट्राध्यक्ष आणि संसद निवडतात. सायबर नेशन्समध्ये प्रत्येक खेळाडूचे स्वतःचे राष्ट्र असते आणि अशी अनेक राष्ट्रे मिळून आघाडी बनवतात.

दोन राष्ट्रांतली लढाई थांबवण्यासाठी त्या खेळात बटण आहे. दोघांनीही शांततेची तयारी दाखवली की लढाई संपते. पण आघाड्यांमधले तह खेळाडूच लिहितात. कलमे कोणती, भरपाई किती, पुन्हा हल्ला किती दिवस करायचा नाही, हे सारे चर्चेने ठरते. कोणीही कोणाला काही न देता युद्ध थांबले, तर त्याला 'व्हाइट पीस' म्हणतात. हे तह पाळायला लावणारी कोणतीही यंत्रणा खेळात नाही. दिलेला शब्द एवढाच त्यांचा आधार. म्हणून हा विषय सम्यक वाचेचा आहे.

कोणी म्हणेल, खेळातले सैनिक मरत नाहीत, मग एवढा विचार कशाला? सैनिक मरत नाहीत हे खरे. पण पलीकडे बसलेला माणूस खरा असतो. आपण परदेशात राहतो. आपल्या मुलांच्या वर्गात अनेक देशांची मुले असतात. खेळात ज्या देशाला शिव्या दिल्या, त्याच देशाचा मुलगा दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाकावर असू शकतो. खेळात वापरलेली भाषा खेळापुरती राहत नाही.

'कर्म' नावाचे युद्ध

सायबर नेशन्समधले एक मोठे युद्ध आपण मुद्दाम समजून घ्यावे असे आहे. त्या खेळात 'न्यू पॅसिफिक ऑर्डर' ही आघाडी अनेक वर्षे अतिशय बलाढ्य होती. हरलेल्यांवर कडक अटी लादण्यासाठी तिचे नाव झाले होते. एप्रिल २००९ मध्ये तिने हेरगिरीच्या आरोपावरून दुसऱ्या एका आघाडीवर हल्ला केला. तहांच्या साखळीमुळे एकामागून एक आघाड्या युद्धात ओढल्या गेल्या आणि फासा उलटला. विरोधकांनी आपल्या गटाला नाव दिले 'कर्मा'. अर्थ उघड होता : तुम्ही जे केले, ते आता तुमच्याकडे परत आले आहे.

युद्ध जिंकल्यावर खरा प्रश्न आला. जेत्यांनी काय मागायचे? एक मत असे की, यांनी कुणाला दया दाखवली नाही, मग यांना का दाखवायची? दुसरे मत असे की, आपणही त्याच अटी लादल्या, तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? शेवटी शरणागती भरपाईसह झाली.

आता 'कर्म' या शब्दाकडे पाहा. तथागतांच्या शिकवणीत कर्म म्हणजे चेतना, जाणूनबुजून केलेली कृती. दुसऱ्याला शिक्षा करण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. "हे त्यांच्या कर्माचे फळ" असे म्हणत मी तहात जे कठोर कलम लिहितो, ते कलम माझे कर्म असते. आणि हे वाक्य आपल्या पूर्वजांनी किती पिढ्या ऐकले! तुमचे दुःख हे तुमच्याच कर्माचे फळ आहे, असे सांगूनच त्यांना पाणवठ्यापासून दूर ठेवले गेले. ज्यांनी हा शब्द सोसला, त्यांच्या नातवंडांनी तो खेळातसुद्धा कोणावर फेकताना दोनदा विचार करावा.

शाक्य संघातली चर्चा

शत्रूशी युद्ध की समेट, ही चर्चा आपल्याला नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून अशीच एक सभा येते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात मारामारी झाली. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ त्या सभेचा सभासद होता. त्याने विरोध कसा केला, ते क्रमाने पाहा.

१. त्याने आपल्या बाजूची चूक तपासली. आपलीही माणसे आधी धावून गेली होती, असे त्याच्या कानावर आले होते. म्हणून त्याने आधी चौकशी मागितली.

२. त्याने केवळ "युद्ध नको" म्हटले नाही. मार्ग दिला : आपले दोन, त्यांचे दोन, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा. या पाच जणांनी वाद मिटवावा.

३. त्याने युद्धानंतरचा विचार केला. शाक्य आणि कोलिय एकमेकांचे नातेवाईक होते. उद्याही त्यांना शेजारीच राहायचे होते.

४. तो मतदानात हरला, तेही प्रचंड बहुमताने. त्याने सभा उधळली नाही, कोणाला शिवी दिली नाही. सैन्यात मात्र तो गेला नाही. त्याची शिक्षा त्याने स्वतः पत्करली आणि कुटुंबाला ती भोगायला लावू नका, अशी विनंती केली.

जातककथांच्या परंपरेत हाच तंटा वेगळ्या रूपात येतो. तिथे बुद्धत्व प्राप्त झालेले तथागत दोन्ही सैन्यांना विचारतात, पाणी अधिक मोलाचे की माणसांचे रक्त? दोन्ही कथांत नदी एकच आणि शहाणपणही एकच.

तहाच्या चर्चेत बोलण्यापूर्वी

खेळात, घरात किंवा आपल्या मंडळाच्या सभेत, बोलायला उठण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारा. मी सांगतो ते खरे आहे, की आमच्या गटाने सांगितलेले आहे? हीच अट उद्या माझ्यावर आली, तर मी ती न्याय्य म्हणेन का? मी फक्त विरोध करतो आहे, की पर्यायही देतो आहे? मत हरल्यावर माझी वाचा तशीच राहील का?

समेट मागणारा भित्रा ठरवला जातो. त्या सभेत सिद्धार्थालाही एकटे पडावे लागले. पण युद्धाच्या बाजूने हात वर करायला शेजारचा हात पुरतो. विरोधात उभे राहायला स्वतःचे पाय लागतात. ही सवय मुलांना खेळात लागली, तर तो खेळ वाया गेला असे म्हणता येणार नाही.

घरी चर्चेसाठी

या रविवारी वंदनेनंतर मुलांना एक तह लिहायला सांगा. निम्मी मुले जिंकलेल्या बाजूची, निम्मी हरलेल्या बाजूची. कलमे लिहून झाली की बाजू बदला आणि तोच कागद पुन्हा वाचायला लावा. कोणते कलम कोणी खोडले आणि का, यावर बोला. मोठ्यांनी शेवटी बोलावे.

सर्वांचे मंगल होवो.